ग्रीक येते, मराठी अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत धर्मग्रंथांच्या चिकित्सेवर लेख होता. लेख चांगलाच होता. पण लेखकमहाशयांनी जाता जाता शेरा मारला, की आमच्या ग्रंथांची चिरफाड कुणीही करतो, ख्रिस्ती लोक मात्र बायबलला बोट लावू देत नाहीत. आणि त्यांचे सगळे धर्मचिंतन विलायतेहून बांधून आलेले असते. मी जन्माने ख्रिस्ती आणि पेशाने मराठीची शिक्षिका, चौतीस वर्षे फळ्यापुढे उभी राहिलेली. त्यामुळे दोन्हीकडून टोचले. शेऱ्याचा पहिला अर्धा साफ चूक आहे. दुसरा अर्धा, म्हणायला लाज वाटते, बराचसा खरा आहे. फक्त लेखकाला वाटते त्या कारणाने नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात एक गोष्ट आहे. व्यभिचारात धरलेल्या बाईला लोक येशूपुढे उभी करतात आणि दगडमार करायचा का, म्हणून विचारतात. तो वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत बसतो. मग म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. ख्रिस्ती नसलेल्यांनाही ही गोष्ट ठाऊक असते. संडे स्कूलमध्ये मी ती किती वेळा सांगितली याची मोजदाद नाही. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या देवळात एक पाहुणे प्राध्यापक आले होते. (आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, वाचकांनी दचकू नये.) उपासनेनंतरच्या बैठकीत त्यांनी अगदी शांतपणे सांगितले, की ही गोष्ट सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ती मागाहून तिथे येऊन बसली; काही प्रतींत तर ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात सापडते. मला इतका राग आला, की मी चहालाही न थांबता घरी आले. ज्या गावात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायला म्हणून टिळक-रानड्यांच्या मागे प्रायश्चित्ताचे शुक्लकाष्ठ लागले, त्याच गावात मी चहा सोडून आले, आणि तोही आपल्याच माणसांचा!

रात्री आईचे पवित्र शास्त्र काढले, प्राध्यापकांना खोटे पाडायला. तर त्या अख्ख्या मजकुराला चौकटी कंस. आईच्या पेन्सिलीच्या खुणा, मधे दाबून ठेवलेले पिंपळपान, आणि ते दोन कंस. चाळीस वर्षे ते तिथेच होते. मोठ्याने वाचताना कंस काही उच्चारत नाहीत, म्हणून कुणाच्या कानावर आले नव्हते.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला एकनाथ शिकवत होते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकला करता करता तिच्यात चुका शिरल्या होत्या. शेवटी त्यांनी बजावून ठेवले, की हिच्यात जो आपली ओवी मिसळेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. मुलांना नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठाऊक नव्हती, ती फळ्यावर काढून दाखवावी लागली. खडू हातात असतानाच मला बायबलचे शेवटचे पान आठवले. प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा शेवट असाच आहे: यात भर घालू नका, यातले काही काढू नका. अशी तंबी द्यावी लागते, याचा अर्थ लोक भर घालत असणारच. जी गोष्ट ज्ञानेश्वरीबद्दल मी वर्गात अभिमानाने सांगत होते, तीच बायबलबद्दल ऐकून मी फणकाऱ्याने उठून आले होते.

पुढे एकदा विद्यार्थिनींना घेऊन भांडारकर संस्थेत गेले. तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक खंड आम्हाला उघडून दाखवला. वर थोडेसे श्लोक, आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांचा ढीग. १९१९ पासून १९६६ पर्यंत हे काम चालले, बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. नंतर ग्रीक नव्या कराराची अभ्यासाची प्रत हातात आली तेव्हा वाटले, हे पान आपण पाहिलेले आहे. वर मूळ, खाली पाठभेद. एबरहार्ड नेस्ले या जर्मन पंडिताने ती १८९८ साली पहिल्यांदा काढली. तिची २८वी आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. म्हणजे सव्वाशे वर्षे ही माणसे आपल्याच ग्रंथाच्या कानामात्रा तपासत बसली आहेत, आणि यातली बरीचशी भाविक आहेत. हे सुखासुखी झाले असेही नाही. मोशेची म्हणून ओळखली जाणारी बायबलची पहिली पाच पुस्तके एका हातची नाहीत हे सविस्तर मांडणारे जर्मन पंडित वेलहाउझेन स्वतः धर्मशिक्षणाच्या विभागात प्राध्यापक होते. आपण शिकवतो त्याने विद्यार्थी पाळकाच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूच्या, कामाला उपयोगी राहत नाहीत, अशी टोचणी लागून त्यांनी १८८२ साली ते पद सोडले. बोट लावू देत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा माणूस आठवावा. माझे म्हणाल तर ती गोष्ट मी अजूनही संडे स्कूलमध्ये सांगते, कंसांसकट.

आता दुसरा अर्धा, जो जास्त बोचतो.

या विषयात पुण्याची ऐपत मोठी आहे. नगर रस्त्याला ज्ञानदीप आहे, पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ. श्रीलंकेतल्या कँडीला १८९३ मध्ये सुरू झालेली सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, १९५५ मध्ये इथे आली. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९८३ मध्ये यवतमाळहून आली. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. नागालँडपासून केरळपर्यंतची मुले शिकायला येतात, तेव्हा माध्यम इंग्रजी असणार हे ओघानेच आले. त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार माझ्याच घरात सुरू होते.

माझा नातू बी.डी., म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पदवी, करतो, पुण्याबाहेर, कुठे ते महत्त्वाचे नाही. पोर हुशार आहे. गेल्या नाताळच्या सुटीत पाळकसाहेबांनी त्याला उपदेश करायला उभे केले. वचन निवडले होते ते योहानाच्या पहिल्या अध्यायातले, "शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." वीस मिनिटे बोलला. इनकार्नेशन, कॉन्टेक्स्ट, एक्झिजीसिस, जोहानाइन कम्युनिटी. मधेमधे "म्हणजे", "तर", "आणि" एवढेच मराठी. माझ्या मागच्या बाकावरच्या आजी, ज्यांचे सगळे आयुष्य खडकीच्या कारखान्यात गेले, शेवटी मला म्हणाल्या, "पोरगं लई शिकलंय बाई. काय म्हणलं ते नाही कळलं, पण शिकलंय."

घरी मी भाकरी थापत होते आणि तो ओट्याला टेकून उभा, चेहरा पडलेला. म्हटले, "अरे, त्यात नवीन काय सांगायचं होतं तुला, ते तरी सांग."

"आजी, 'वस्ती केली' आहे ना, तिथे ग्रीकमध्ये एस्केनोसेन आहे. स्केने म्हणजे तंबू. त्याने तंबू ठोकला असा शब्द आहे तो. जुन्या करारात देव लोकांबरोबर रानातून फिरतो ना, त्या तंबूची आठवण आहे त्यात."

"म्हणजे निवासमंडप."

"हो, तोच."

"मग राहुटी म्हण की! त्याने आमच्यात राहुटी टाकली."

तो गप्प झाला. मग मी त्याला सांगितले ते इथेही सांगते. माझे बालपण नाना पेठेतले. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला उतरायची, माउलींची भवानी पेठेत. आमच्या गल्लीजवळच्या मैदानात दिंड्यांच्या राहुट्या पडत. आई ख्रिस्ती, पण दारात गरम पाण्याचे घंगाळ ठेवायची, पाय शेकायला. दोन रात्री त्या मैदानात इतकी माणसे, इतका धूर, इतके टाळ, की वाटायचे हे गाव इथेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहावे तर काही नाही. चुलीची तीन दगडं, राख आणि मेखांची भोकं. आम्ही पोरे त्या भोकांत काड्या घालून बघायचो, मेख किती खोल गेली होती ते. दरवर्षी नवी भोकं, कारण दरवर्षी राहुटी पुन्हा टाकायची. पक्के घर बांधून तिथे देव ठेवला असता तर लोकांनी देवाकडे जायचे. राहुटीत तो लोकांबरोबर चालतो आणि सकाळी आधी उठतो.

नातू म्हणाला, "आजी, हे मला परीक्षेत लिहिता येईल?"

"लिही की."

"इंग्रजीत लिहायचंय. राहुटीला काय लिहू?"

घ्या. ग्रीक येते, मराठी अडते. मराठी आलीच, तर ती लिहायला जागा नाही.

तेवढ्यात तव्यावरची भाकरी फुगली आणि त्याने दुसरा शब्द काढला. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" म्हणतो. त्यातल्या 'रोजची'साठी ग्रीकमध्ये एपिऊसिओस असा शब्द आहे, आणि त्या प्रार्थनेबाहेर तो जवळपास कुठेच सापडत नाही. अर्थावर अजून वाद आहे: आजची, जगण्यापुरती, की येणाऱ्या दिवसाची? 'येणाऱ्या दिवसाची' ऐकले आणि मला माझी आजी दिसली. ती नेवासे तालुक्यातली, दुसऱ्याच्या रानात राबणारी. रात्री सगळ्यांची ताटे झाली की ती टोपल्यात हात घालून चाचपायची. सकाळसाठी भाकर उरली असेल तर टोपल्यावर फडके टाकून निवांत झोपायची. उरली नसेल तर झोपच नाही, कारण पोरांनी उपाशी रानात जायचे. उद्याची भाकर आज टोपल्यात असणे म्हणजे काय, हे जर्मन प्राध्यापकापेक्षा तिला जास्त कळत होते असे मी म्हणत नाही. पण तिला विचारल्याशिवाय त्या शब्दाचा निकाल लावू नये एवढे मात्र म्हणते. आणि तिला विचारायचे तर मराठीतच विचारावे लागेल.

याच आजीवरून आणखी एक. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यात तिच्या लहानपणी गावची विहीर तिच्यासाठी नव्हती. घराणे ख्रिस्ती झाल्यावर ती म्हणायची, आता आपला मूळ पुरुष अब्राहाम. त्याआधीचे विचारले की विषय बदलायची. १९८१ साली बंगळुरूच्या थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल या आपल्याच मराठी माणसाने शूद्रांच्या बाजूने ख्रिस्ती चिंतन कसे व्हावे यावर भाषण केले, आणि त्यातून पुढे दलित ईशज्ञानाचा, म्हणजे दलित थिऑलॉजीचा, प्रवाह उभा राहिला. बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाचे पुस्तक आहे, त्याच्या २६व्या अध्यायात इस्राएल लोक देवापुढे आपल्या भटक्या पूर्वजाची कबुली देतात. तसे आपणही आपला दलित पूर्वज देवापुढे नाव घेऊन सांगितला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. जगभरच्या सेमिनऱ्यांत हे शिकवतात. माझ्या आजीला हे कुणी चार वाक्यांत मराठीत सांगितले असते, तर विषय बदलायची तिची सवय कदाचित सुटली असती. विचार मराठी घरातून निघाला, इंग्रजीत गेला आणि तिकडेच राहिला.

ही सवय मुळातली नाही, म्हणून जास्त वाईट वाटते. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा, पण १६१६ साली त्याने मराठी ओवीत क्रिस्तपुराण छापले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत काढले. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मराठी माणूस मराठीतून हिब्रू शिकू शकत होता. माझा नातू इंग्रजीतून शिकतो. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. टिळक, म्हणजे आमचे नारायण वामन, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांची पदे आम्ही आजही दर रविवारी म्हणतो.

आणि केडगाव तर इथून दौंडच्या गाडीने जेमतेम तासा-दीड तासावर. पंडिता रमाबाईंना संस्कृत मुखोद्गत होते. त्यांनी ठरवले असते तर पंडितांनी मान डोलवावी असे भाषांतर केले असते. त्यांनी उलटे केले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून सगळे बायबल सोप्या मराठीत उतरवले, केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमातल्या बायकांना कळावे म्हणून. वर्षानुवर्षे ते काम चालले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो छापला मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. कुणी विधवा, कुणी दुष्काळातून आलेली, आणि हातात शिशाचे खिळे. एका बाईने एकटीने मुळावरून संबंध बायबल उतरवल्याची उदाहरणे जगात किती सापडतील? पुण्यात शनिवारवाड्याची माहिती सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, केडगावचे नाव घेणारा विरळा.

मराठीत आणले की सगळे सोपे होते असे मात्र कुणी समजू नये. शब्द आपले सामान घेऊन येतात. 'अवतार' म्हटले की ऐकणारा लगेच मान डोलावतो, पण अवतार दहा होतात आणि ख्रिस्ती सिद्धांत एकदाच झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो. म्हणून 'देहधारण' म्हणायचे, तर तो शब्द ऐकून कुणाच्याच पोटात काही हलत नाही. माझ्या राहुटीलाही हाच धोका आहे. वारी आणि योहान एकच म्हणून मोकळे होणारे लोक मला आवडत नाहीत. गी द लरी नावाचे फ्रेंच जेझुइट पंढरीच्या वाटेवर पायी चालले, आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आपल्याच डेक्कन कॉलेजने १९६० साली काढला. त्यांनी आधी वारी वारी म्हणून समजून घेतली, ही रीत मला पटते. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायात आमच्याकडे 'प्रीती' आहे. "प्रीती सहनशील आहे" असे लग्नात वाचले की मागच्या रांगेतली तरुण पोरे खुसखुसतात, त्यांना सिनेमातले गाणे आठवते. ग्रीकमध्ये तिथे आगापे आहे. त्याला आज कोणता शब्द द्यावा? माया? माझे मत मायेकडे झुकते, पण वेदान्ताने तो शब्द आधीच अडवून ठेवला आहे. असे भांडण दर आठवड्याला मराठीत छापून आले पाहिजे.

या विद्येला मराठीत धड नावही नाही. मध्यंतरी एका ग्रंथालयात ख्रिस्ती धर्मशास्त्रावर मराठीत काय आहे म्हणून विचारले. तिथल्या मुलीने अदबीने मला महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासापुढे नेऊन उभे केले. तिचे काही चुकले नाही, मराठीत धर्मशास्त्र म्हणजे तेच. मग आम्ही कुणी ईशज्ञान म्हणतो, कुणी ईश्वरविज्ञान, आणि बोलताना सगळेच थिऑलॉजी.

तेव्हा संपादकमहाशय, लेखकाच्या शेऱ्याला माझे उत्तर एवढेच, की चिकित्सा भरपूर आहे, ती तुमच्यामाझ्या भाषेत नाही. त्यात आमचा दोष मोठा आहे. सेमिनरीत शिकणाऱ्या मराठी मुलांकडून वर्षाला एक तरी निबंध मराठीत घ्यायला काय हरकत आहे? तपासायला कुणी नसेल तर आम्ही निवृत्त शिक्षक आहोत, शुद्धलेखनासकट तपासून देऊ. पण थोडा दोष आपल्याकडेही येतो. आपल्या पुरवणीत दर डिसेंबरला कॅम्पातली रोषणाई, प्लम केक आणि चांदणी येते. केक आमच्याकडेही होतो, मात्र करंज्याही होतात. पुढच्या नाताळला रमाबाईंच्या बायबलचे एक पान आणि आजच्या बायबलचे तेच पान शेजारी शेजारी छापून पाहा. वाचकांची पत्रे आवरणार नाहीत.

नातू उन्हाळ्यात पुन्हा येतो आहे. पाळकसाहेबांनी त्याला परत उपदेश दिला आहे. मी अट घातली आहे, की व्यासपीठावरून जितके इंग्रजी शब्द येतील तितके रुपये त्याने दानाच्या थाळीत टाकायचे. मागच्या बाकावरच्या आजींना मोजायला बसवणार आहे. घरी सराव म्हणून गेल्या आठवड्यात फोनवर पाच मिनिटे बोलायला लावले, तर २७ रुपये झाले. त्यातला एक त्याने भांडून परत घेतला. 'टेबल' मराठी आहे म्हणे.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
गुरुवार पेठ, पुणे